त्रिशरण होईपर्यंत उकळलेलं पाणी

माझ्या धाकट्या भावाच्या दंडावरचा काळानिळा डाग मला पहिल्यांदा दिसला तो दौंडच्या रेल्वे चाळीत, दुपारी जेवायला बसताना. उकाड्यामुळे त्यानं सदरा काढून खुंटीला लावला होता.

"कुठं आदळलास?"

"कुठंच न्हाई, आक्का. शेडमधी काय ना काय लागतंच."

आईनं त्याच्या ताटात भाकरी टाकली. "त्याला लागल्यालं कळतच न्हाई. ल्हानपणापासनं तसाच हाय."

मी तेव्हा शिरूरला मुलींच्या शाळेत शिकवत होते. नवरा तिथंच तहसील कचेरीत कारकून, पदरी दोन मुली. आई आणि भाऊ दौंडला राहत. वडील रेल्वेत गँगमन होते. ते गेल्यावर भावाला लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून घेतलं होतं. महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटली की न्हावऱ्यावरून जाणारी एसटी धरून मी दौंडला जाई आणि रविवारी संध्याकाळी परत येई.

पुढच्या महिन्यात गेले तेव्हा डाग पाच झाले होते. मी ते मोजले, कारण मोजायची आणि लिहून ठेवायची मला सवयच आहे. बाजाराची यादी, सहलीची यादी, लग्नाला नेण्याच्या कपड्यांची यादी. काम झालं की त्याच्यापुढं बरोबरची खूण. माझा नवरा म्हणायचा, "ही झोपेतसुद्धा हजेरी घेते." तर मी डागांच्या जागा वहीत लिहिल्या. शिवाय लिहिलं, की दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, आणि जिना चढला की धाप लागते.

रेल्वेच्या दवाखान्यात त्याला ताकदीची इंजेक्शनं दिली. ती जिथं टोचली तिथंही डाग पडले. मग एके दिवशी शेडमध्ये त्याच्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. त्याचे मिस्त्री, म्हणजे ज्यांच्या हाताखाली तो काम करायचा ते मोठे फिटर, त्याला स्वतः धरून घरी घेऊन आले आणि आईला म्हणाले, "मावशी, हे आपल्या डाक्टरचं काम न्हाई. पुण्याला न्या."

पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात त्याच्या कमरेच्या हाडात जाड सुई घालून आतलं थोडं काढून तपासलं. चार दिवसांनी डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. ते हळू बोलणारे, चष्म्याच्या वरून बघणारे गृहस्थ होते.

"हाडाच्या पोकळीत मऊ मगज असतो," ते म्हणाले. "रक्त तिथं तयार होतं. याच्या मगजानं काम बंद केलंय. का केलं ते सांगता येत नाही."

रेल्वेचा मोठा संप होऊन तेव्हा वर्षच झालं होतं. भाऊ पांढऱ्या ओठांनी हसला. "म्हंजी संपावर गेलाय म्हणा की. मागण्या काय हायेत त्याच्या?"

डॉक्टरही हसले. मग त्याला बाहेर बसवून त्यांनी मला एकटीला सांगितलं. परदेशात काही ठिकाणी सख्ख्या भावाचा किंवा बहिणीचा मगज काढून रोग्याला देतात, असं त्यांनी वाचलं होतं. आपल्याकडे ती सोय नव्हती.

"माझा घ्या," मी म्हणाले.

"बाई, काढता येईल. पण तो याच्या अंगात रुजवायचा कसा, जुळतो की नाही हे तपासायचं कसं, हे इथं कुणाला येत नाही."

"मग शिकून घ्या. मी थांबते."

आता आठवलं की लाज वाटते, पण मी अगदी शाळेतल्या आवाजात तसं म्हणाले. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही थांबाल हो," ते म्हणाले, "पण त्याला थांबता येणार नाही. आपल्या हातात आहेत त्या गोळ्या, रक्त आणि वेळ. गोळ्यांनी काहींचा मगज चार-सहा महिन्यांत जागा होतो. काहींचा होत नाही. तोवर दर पंधरा दिवसांनी बाहेरून रक्त द्यायचं. आणि त्याला रक्त वाहण्यापासून आणि जंतूंपासून जपायचं. साधा ताप आला तरी त्याच दिवशी इथं आणायचं."

मी विचारलं, "जागा झाला हे कळणार कसं?"

"दोन बाटल्यांमधला काळ वाढत जाईल. एक दिवस असा येईल, की मी म्हणेन, आज रक्त नको."

ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर वर लिहिलं, आणि त्याच्यापुढं खुणेसाठी जागा सोडली.

त्याचा रक्तगट बी निगेटिव्ह, सहज न मिळणारा. माझाही तोच निघाला. पण एकदा रक्त दिलं की तीन महिने पुन्हा देता येत नाही. मी हिशेब मांडला: सात माणसं मिळाली तर दर पंधरा दिवसांनी एक, आणि पहिल्याची पाळी पुन्हा साडेतीन महिन्यांनी. मला आणखी सहा माणसं हवी होती.

मिस्त्रींनी शेडमधली सगळी माणसं रांगेनं तपासणीला उभी केली. "रक्त दिल्यानं माणूस वाळतो," असं कुणीतरी म्हणालं, तर मिस्त्री म्हणाले, "तू वाळलास तर तुझ्या बायकूला बरंच हाय, भाकरी कमी लागंल." रांगेतून दोघं मिळाले: एक इंजिन ड्रायव्हर आणि एक टाइमकीपर. माझ्या शाळेतल्या शिपाईमामांचा गट जुळला. पुण्याच्या रक्तपेढीनं दोन विद्यार्थी दिले. सातवे राहू गावचे एक शेतकरी. त्यांच्या पोटाच्या ऑपरेशनच्या वेळी हाच गट मिळता मिळेना, तेव्हापासून गटाचं कार्ड ते बंडीच्या आतल्या खिशात घेऊन फिरत. त्यांची मिस्त्रींशी ओळख होती. वय पन्नाशीचं, घरची ऊसशेती, गावात शब्दाला वजन. सगळे त्यांना आबा म्हणत.

आबांची पहिली पाळी जूनच्या सुरुवातीला आली. रक्त देऊन ते दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसले. आईनं घरून थर्मासमध्ये चहा आणला होता. आमच्या घरचा चहा त्यांना चालेल की नाही, म्हणून ती थर्मास हातात धरून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, तुमास्नी क्यान्टिनातनं आणू का चा?"

आबांनी थर्मासकडं बघितलं, मग आईकडं. "का? ह्यात साखर कमी हाय व्हय?"

"न्हाई, तसं न्हाई."

"मग वता की. निवतोय."

आईनं ओतला. त्यांनी दोन कप घेतले.

घरी आतली खोली मी भावाला दिली. नियम मीच केले. बाहेरच्या माणसानं आत यायचं नाही. दात घासायला राखुंडी नाही, मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची. कच्चं काही खायचं नाही. पाणी दहा मिनिटं खळखळ उकळायचं आणि झाकून ठेवायचं. हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहून चुलीजवळ भिंतीला लावलं, आणि बाहेरच्या दारावर वेगळा कागद: "कृपया आत येऊ नये. रुग्णास संसर्गाचा धोका आहे."

त्या कागदानं मे महिन्यातच घोटाळा केला होता. कासुर्डीची मावशी, आईची धाकटी बहीण, भाच्याला बघायला आली. दार बंद, दारावर कागद. तिला वाचता येत नव्हतं, आणि ज्याला विचारलं त्यानं "धोका" एवढंच नीट वाचलं. मावशी उंबऱ्यावर बसली आणि तिनं गळाच काढला. चाळीतल्या बायका जमल्या, त्यांनाही वाटलं की झालं ते झालं. एकीनं तर पांढरं लुगडं कुणाकडं आहे म्हणून विचारायला सुरुवात केली. तेवढ्यात खिडकीतून भावानं डोकं बाहेर काढलं.

"मावशे, रडू नगंस. आजून हाय मी. पर तू आत आलीस तर आक्का आपल्या दोघांस्नी बी मारंल."

मावशी रडता रडता त्यालाच शिव्या देऊ लागली. सगळ्यांबरोबर मीही हसले. आमच्या घरच्या बायकांपुढं कागद लावून उपयोग नाही, हे मला त्या वेळी उमजायला हवं होतं. उमजलं नाही. मी कागदावरचं अक्षर आणखी मोठं केलं.

सुट्टीभर मी दौंडलाच होते, तोवर पाणी मीच उकळत होते. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मला शिरूरला परतावं लागलं. निघताना मी आईला भिंतीवरचा कागद दोनदा वाचून दाखवला. ती प्रत्येक ओळीला "व्हय" म्हणाली. मी दर शनिवारी येऊ लागले. आई तब्येतीचं सांगायची, मी वहीत लिहायची. बाटल्यांची पानं ठरल्याप्रमाणे भरत होती.

जुलैतल्या एका शनिवारी अडीच वाजता मी पोचले तेव्हा भाऊ दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होता. डोळे लाल झाले होते.

"कधीपासून?"

"सकाळपास्नं," आई म्हणाली. "तू येशीलच म्हणून थांबले."

मी पुढची पॅसेंजर धरायची म्हणून त्याचे कपडे भरू लागले. उशीचा अभ्रा बदलताना आतून वर्तमानपत्राची लहानशी पुडी खाली पडली. उघडली. आत हळद होती, म्हणजे जेजुरीचा भंडारा, खंडोबाच्या देवळात उधळतात तो.

आमच्या घरात देव नव्हते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आईनं देव्हाऱ्यातले टाक टोपलीत भरले आणि भीमेच्या पाण्यात सोडून दिले. मी तेव्हा शाळेत होते. टोपलीचा दुसरा कान मी धरला होता. परत येताना आईनं एकदाही मागं वळून बघितलं नव्हतं. पुढं तीच वस्तीतल्या बायकांना घेऊन दर पौर्णिमेला विहारात जायची.

मी पुडी मिटून वहीत घातली. त्या वेळी बोलायला सवड नव्हती.

दवाखान्यात भावाला वेगळ्या खोलीत ठेवलं, सुया लावल्या. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, भंडाऱ्याचंसुद्धा. पुडी काढून दाखवली. ते म्हणाले, "बाई, हळद होती, की पाणी, की हवा, हे मला सांगता येणार नाही. पाणी किती वेळ उकळता?"

"दहा मिनिटं," मी ताडकन म्हणाले.

त्यांनी आईकडं बघितलं. "आजी, दहा मिनिटं?"

आईनं पदर सारखा केला. डॉक्टर आत गेले.

आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. मी पुडी तिच्यापुढं धरली. "आई, हे कुणी आणलं?"

"माझ्या भनीनं धाडलं."

"आणि तू काय केलंस?"

"जिभंला लावत व्हते. वाईच. रोज न्हाई, आयतवारी तेवढं, तू गाडीला गेलीस की."

"त्याला काही कच्चं द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना? आणि तू? तू स्वतः देव नदीत सोडलेस. टोपली मी धरली होती."

"टोपली कुणी धरली व्हती ते मला ठावं हाय," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "देव सोडलं म्या. पोरगं सोड म्हणून मला कुणी सांगितलं न्हवतं."

मी पुडी मागं घेतली. ती पुढं म्हणाली, "तुझ्याजवळ वही हाय, बाई. तू लिव्हतीस, खुणा करतीस, तुला बरं वाटतंय. म्या काय करू? हे नगं करू, ते नगं करू, एवढंच तू सांगतीस. मग करू काय?"

"पाणी उकळायचं काम तुझंच होतं की! दहा मिनिटं, रोज दोन हंडे."

"धा मिन्टं म्हंजी किती, ते मला कुठं ठावं हाय?" आई म्हणाली. "उकळी आली की मी उतरत व्हते."

माझ्या मनगटावर घड्याळ होतं. भावाचं घड्याळ घरी खुंटीला होतं. त्या घड्याळात आई कधी बघत नसे, भोंग्यावर आणि गाड्यांवर तिचा दिवस चाले, हे मी लहानपणापासून बघत आले होते. सोलापूरकडची गाडी गेली की भाकरीला बसायचं, शेडचा भोंगा झाला की डबा. आणि मी तिला भिंतीवर लिहून दिलं होतं: दहा मिनिटं. दोनदा वाचून दाखवलं होतं. एकदाही विचारलं नव्हतं, की तुला कळेल ना कसं मोजायचं? रोज चाळीस मुलींना "समजलं का?" म्हणून विचारणारी मी बाई.

मग आईच म्हणाली, "त्रिशरण-पंचशील म्हणायला किती लागतंय गं? हळूहळू, विहारात म्हणतो तसं?"

"का?"

"तू घड्याळ बघ. मी म्हणती."

तिनं बाकावरच मांडी घातली, हात जोडले आणि हलक्या आवाजात सुरू केलं. मी काट्याकडं बघत राहिले. शेजारच्या बाकावर एक माणूस विडी ओढत होता. त्यानं ती विझवली आणि नीट बसला. एकदा म्हणून झालं, तीन मिनिटांना थोडं कमी.

"तीन डाव म्हणू?"

"तीनदा म्हटलंस तर साडेआठ होतात. चारदा म्हण."

"चारदा म्हणती. उकळी फुटल्यावर सुरू करायचं ना?"

"उकळी फुटल्यावर."

"मग आसं सांगायचं सोडून कागूद कशाला लावतीस?"

ताप आठ दिवस होता. त्या आठ दिवसांत माझी पाळ्यांची रांग पार मोडली. दोन बाटल्या अचानक लागल्या. मिस्त्रींनी ड्रायव्हरला ड्यूटीवरून उतरवून थेट दवाखान्यात आणलं. शिपाईमामा शिरूरहून आले, त्यांना मी आदल्या दिवशी फक्त निरोप धाडला होता. माझी वही पिशवीतच राहिली. लिहायला काही सुचत नव्हतं. काचेच्या दारातून भाऊ दिसायचा. कधी हात वर करायचा, कधी नाही. तेव्हा मीही बाकावर बसून आईबरोबर म्हणू लागले. मी दर पौर्णिमेला विहारात जाणारी, वंदना तोंडपाठ असलेली, आणि मध्येच माझी ओळ चुकायची. आई थांबायची नाही. तिच्या आवाजाला धरून मी पुढची ओळ गाठायची. आधी मी ते वेळ जावा म्हणून म्हणत होते. मग कशासाठी म्हणते आहे, हे स्वतःला विचारणं मी सोडून दिलं.

नवव्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर आले. "ताप उतरलाय. भूक लागली म्हणतोय."

आत गेल्यावर भाऊ म्हणाला, "आक्का, संप आजून चालूच हाय. पर वाटाघाटी सुरू झाल्यात."

आई भात आणायला गेल्यावर मी त्याला हळूच विचारलं, "भंडाऱ्याचं तुला माहीत होतं?"

"हळदीची चव वळखू येत न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाहीस? जयंतीच्या सभेत भाषणं करतोस, नवस-सायास सोडा म्हणून."

तो भिंतीकडं बघत म्हणाला, "आयतवारी तू गेल्यावर तिचं त्वांड कसं व्हायचं, ते तुला ठावं न्हाई. आठवडाभर चोरावानी फिरायची बिचारी. तेवढ्या वक्ताला तिला वाटायचं, आपून बी काय तरी केलं. मी जीब पुढं करायचो."

घरी आल्यावर मी भिंतीवरचा कागद काढून टाकला. त्यानंतर ते पाणी आईचं झालं. उकळी फुटली की ती चुलीपुढं बसून म्हणायला लागायची, चार वेळा, सावकाश, आणि मग हंडा उतरायची. मध्ये कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. शनिवारी जिन्यातूनच मला तिचा आवाज ऐकू आला की मी बाहेर थांबायची. संपेपर्यंत आत जायची नाही. भाऊ सांगायचा, "आक्का, शेजारच्या दोघी जणी बी आता आसंच पाणी तापवत्यात. त्यास्नी इचारलं, का? तर म्हणत्यात, त्यानं पोटं बिघडत न्हाईत."

ऑगस्टमध्ये दोन बाटल्यांमध्ये वीस दिवस गेले. मी फक्त वहीत वीस हा आकडा लिहिला. पुढचं अंतर चोवीस दिवसांचं. दंडावरचे जुने डाग आधी हिरवट झाले, मग पिवळे पडले, आणि नवे उठले नाहीत. एका शनिवारी तो जिना चढून वर आला आणि बोलतच राहिला. वाक्य संपलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की त्याला धाप लागलेली नाही.

सप्टेंबरच्या मध्यावर पुन्हा राहूच्या आबांची पाळी होती. ते सकाळच्या गाडीनं आले, पंच्यात बांधलेली गुळाची ढेप घेऊन. आम्ही चौघं तपासणीच्या खोलीबाहेर बसलो. भावाच्या बोटातून रक्त घेऊन गेले. तासाभरानं डॉक्टर हातात कागद घेऊन स्वतः बाहेर आले. सहसा ते बाहेर येत नसत, आम्हालाच आत बोलवत.

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं. "बाई, आज रक्त नको."

मला ते वाक्य पाठ होतं. तरी मी म्हणाले, "काय?"

"नको. त्याचं तो तयार करतोय. अजून पुरेसं नाही, गोळ्या चालू ठेवायच्या, जपायचंच आहे. पण आज नको."

आईनं पदर तोंडाशी धरला. भाऊ डॉक्टरांच्या हातातला कागद वाकून बघू लागला. बोलले ते आबा.

"नको म्हंजी? मी ऊस बांधायचं काम टाकून आलोय की, डाक्टर!"

"आबा, चांगली गोष्ट आहे."

"चांगली हाय, मला कळतंय. पर आलोय तर घ्या की थोडं. पुढच्या वक्ताला व्हईल."

"पुढच्या वक्ताला ते टिकत नाही, आबा."

"मग दुसऱ्या कुणाला घाला. त्या समोरच्याला घाला, पिवळा पडलाय बघा तो. बाही वर केली ती काय तशीच खाली करू?"

शेवटी रक्तपेढीच्या माणसानं ते दुसऱ्या रोग्यासाठी घेतलं, तेव्हा आबांचं समाधान झालं. लिंबाखाली आईनं थर्मास काढला आणि या वेळी काही न विचारता कप भरला. गूळ मात्र मी भावाला उकळूनच दिला. आबा म्हणाले, "राहूचा गूळ उकळणारी तू पैलीच बाई."

पहिल्या पानावर त्या वाक्यापुढं मी खूण केली. पेनाची शाई फुटली, इतकं मी दाबलं.

सगळं लगेच सरळ झालं असं नाही. त्यानंतरही दोनदा रक्त लागलं, एकदा डिसेंबरात आणि एकदा पुढच्या उन्हाळ्यात. दिवाळीनंतर शेडनं त्याला हलकं काम दिलं, अवजारांच्या खोलीत. वर्ष-दीड वर्षानं गोळ्या बंद झाल्या. आज तो माझ्याहून जाड आहे, आणि जिन्यावर धाप लागते ती मला.

शेवटी आईचं एक सांगायचं राहिलं. दिवाळीच्या सुट्टीत मी दौंडला होते, तेव्हा एके सकाळी ती म्हणाली, "ती पुडी कुठं ठिवलीस?"

"वहीत आहे."

"दे हिकडं."

मी वहीच्या मागच्या पानांतून पुडी काढून दिली. ती तिनं कनवटीला खोचली. "भनीकडं जाऊन येती. दोन दिस लागतील," ती म्हणाली आणि कासुर्डीच्या गाडीला गेली. त्या दोन दिवसांत पाणी भावानं उकळलं, आईच्याच चालीवर म्हणत.

ती परत आली तेव्हा पायांवर धूळ होती आणि पदराच्या टोकाला पिवळा डाग. कासुर्डीत काही हळद उधळत नाहीत. भावानं तो डाग बघितला, मी बघितला. त्यानं माझ्याकडं नजर टाकली आणि उठून आईला प्यायला पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर आई म्हणाली, "बाई, तुझी वही आण."

आणली.

"लिव्ह. आईचं काम झालं."

"कुठलं काम?"

"तू लिव्ह की."

मी लिहिलं. तिनं वाकून कागदाकडं बघितलं. वाचता येत नव्हतं, पण माझ्या खुणा ती ओळखायची.

"आता ती तुझी खूण कर," ती म्हणाली.

मी केली. मग ती उठली, दुसरा हंडा चुलीवर ठेवला आणि उकळी फुटायची वाट बघत बसली.